फिरता रंगमंच, सरकती बैठक

सुरतेहून निघून धुळे, जळगाव, अकोला, नागपूर असा पूर्वेकडे जाणारा जो हमरस्ता पूर्वी ६ क्रमांकाचा म्हणून प्रसिद्ध होता आणि आता सरकारी दप्तरात ज्याची नोंद ५३ या आकड्याखाली झाली आहे, त्या रस्त्यावर, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान वडनेर भोलजी हे गाव वसलेले आहे. आणि दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या हंगामात येथून जाणाऱ्या मालमोटारींकडे ज्याने थोडे लक्ष देऊन पाहिले असेल, त्याच्या नजरेस कापसाच्या गाठींमागोमाग केव्हातरी कनातींची वेटोळी, लोखंडी नळ्यांचे भारे, फळ्यांची चळत आणि त्यांच्यावर पाय पसरून झोपलेली चारदोन माणसे असा ऐवजही पडला असेल. तो तमाशाचा फड असेल, सर्कस असेल, गाण्याच्या कार्यक्रमाचा मांडव असेल किंवा एखादी नाटककंपनी असेल. पण वडनेरासारख्या गावी करमणूक मुक्कामाला येते ती आपले घर पाठीवर घेऊनच येते, एवढे त्यावरून निश्चित होते.

नाट्यगृह म्हटले की मंच एका जागी पक्का, खुर्च्या दुसऱ्या जागी पक्क्या, आणि हलणारी वस्तू म्हणजे काय ती नटमंडळी, अशी आपली समजूत असते. परंतु रंगभूमीचा इतिहास चाळला तर मंच फिरविणे, तो सरकविणे, वर उचलणे, प्रेक्षकांची बैठक चाकांवर घालणे, आणि हे काहीच परवडत नसेल तर सगळा इमलाच मोडून पुढल्या गावी नेणे, हे उद्योग माणसाने फार पूर्वीपासून केलेले दिसतात. आणि यांपैकी नेमके काय हलवावे याचा निर्णय कलावंताच्या प्रतिभेने जितका केला आहे तितकाच, किंबहुना काकणभर अधिकच, कंपनीच्या जमाखर्चाने केला आहे.

आपल्याकडील गोष्ट संगीत नाटकांच्या अमदानीपासून पाहावी. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, १८७० साली जलंबहून खामगावपर्यंतचा फाटा खुला झाला, आणि कापसाच्या पैशाने सधन झालेल्या वऱ्हाडात नाटकमंडळ्यांचे मुक्काम पडू लागले. त्या काळी स्थळ बदलण्याची युक्ती सोपी होती, कारण स्थळ म्हणजे रंगविलेला पडदा. राजवाड्याचा प्रवेश मंचाच्या पूर्ण खोलीत होई; तो आटोपला की पुढच्या बाजूस रस्त्याचा पडदा सुटे, त्याच्यापुढे दोन विनोदी पात्रे येऊन पाच-दहा मिनिटे प्रेक्षकांना रमवीत, आणि तेवढ्या अवधीत मागे राजवाड्याचे उपवन होऊन जाई. कित्येक नाटकांतील विनोदी प्रवेशांचे आयुष्य पडद्यामागे आसने हलविणाऱ्या गड्यांच्या सोयीवर उभे होते, हे टीकाकारांनी फारसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. जत्रेच्या तंबूपासून संस्थानिकाच्या नाट्यगृहापर्यंत ही व्यवस्था कोठेही चाले, कारण पडदे गुंडाळले की मुक्काम हलविता येत असे.

या सुखी संसारात बिघाड केला तो भिंतींनी. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, आणि दारेखिडक्या असलेली, खरीखुरी वाटणारी खोली मंचावर उभी राहिली. अशा खोलीच्या वास्तवतेपुढे रंगविलेले पडदे एकाएकी पोरकट दिसू लागले, हे खरे; पण भिंती गुंडाळता येत नाहीत, त्यामुळे नाटककाराने तीन अंक एकाच दिवाणखान्यात कोंडून घालावेत, नाहीतर प्रेक्षकांनी अंधारात बसून हातोड्यांचे आवाज ऐकावेत, असे दोनच मार्ग उरले. पुढील तीस वर्षांत मराठी नाटकाने बहुधा पहिलाच पत्करला, आणि ‘दिवाणखान्यातले नाटक’ हा टोमणा त्याच्या माथी बसला.

तिसरा मार्ग दाखविला तो ‘तो मी नव्हेच’ने. आचार्य अत्र्यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला; मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने ते सादर केले आणि निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे व त्याची इतर सोंगे अशा पाच भूमिका प्रभाकर पणशीकरांनी केल्या. माधव काझी या भामट्याच्या गाजलेल्या खटल्यावर बेतलेले हे कथानक न्यायालयात चालते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, आपली कैफियत सांगू लागतो, आणि बोलता बोलता ती हकीकत प्रेक्षकांच्या समोर घडू लागते. ती संपते न संपते तोच पुन्हा कोर्ट, पुन्हा लखोबाचे नाकारणे, पुन्हा नवा साक्षीदार. प्रत्येक वेळी पडदा पाडून न्यायाधीशाचे मेज उचलावयाचे म्हटले असते तर त्या नकाराची धार तिसऱ्या साक्षीलाच बोथट झाली असती. रांगणेकरांनी येथे फिरता रंगमंच योजला आणि कचेरीच्या पाठीला पाठ लावून घर उभे केले. मंच अर्धा फिरला की भूतकाळ, उरलेला अर्धा फिरला की वर्तमान. यंत्राने कथानकाच्या रचनेशी इतकी तंतोतंत सोयरीक जमविल्याची उदाहरणे थोडी सापडतील. पणशीकरांनी १९६३ साली ‘नाट्यसंपदा’ काढली आणि पुढे आयुष्यभर या भूमिकेची साथ सोडली नाही. त्यांच्या प्रयोगांची संख्या दोन हजारांच्या पलीकडे गेली.

हे यंत्र असते तरी कसे? जात्याच्या तळीत जसा खुंटा असतो तसा मंचाच्या मध्यावर एक पोलादी आस घट्ट बसवितात, तिच्याभोवती पाचरीच्या आकाराचे लाकडी तुकडे जोडून एक वाटोळी तबकडी तयार करतात, आणि या तबकडीच्या पोटाशी समकेंद्री वर्तुळांत छोटी चाके लावतात. तिच्यावर मध्यभागातून आडवी भिंत घातली की दोन स्थळे होतात, तिहेरी भिंत घातली की तीन. फिरविण्यासाठी मोटार लावता येते. पण दौऱ्यावरच्या कंपनीला चार धट्टेकट्टे गडी अधिक भरवशाचे, कारण गडी वीज गेली तरी ढकलतात आणि कोठे थांबायचे ते अंधारातही जाणतात. तबकडीचा व्यास ३० फूट धरला तर तिचा परीघ सुमारे ९४ फूट होतो, म्हणजे अर्धा फेरा १५ सेकंदांत पुरा करावयाचा तर कडेवर उभा असलेला नट सेकंदाला तीन फूट वेगाने वाहून जातो, आणि मध्यापासून पाच फुटांवर बसलेली नटी त्याच अवधीत जेमतेम सेकंदाला एक फूट सरकते. यामुळे जाणकार मांडणीकार पाण्याचा तांब्या, दिव्याची समई किंवा उंच कपाट कडेला ठेवीत नाही. सुरुवात आणि शेवट ही खरी जोखमीची स्थाने. मध्ये चक्र आपल्या गतीने शांत फिरते, पण ते हिसक्याने थांबविले तर भिंती थरथरतात, आणि थरथरणारी भिंत पाहिली की प्रेक्षकाला ती कापडाची आहे हे आठवते.

इमारतीत कायमची बसविलेली तबकडी जमिनीच्या पातळीत बुजविता येते. दौऱ्यावर नेली जाणारी तबकडी मात्र जमिनीवर ठेवावी लागते, त्यामुळे ती वीतभर उंच होते आणि तिच्या सभोवार फळ्यांचे जोडमंच मांडून ती उंची झाकावी लागते. त्यात गावोगावच्या मंचांची जमीन म्हणजे एक स्वतंत्र अध्यायच; कोठे फळी खचलेली, कोठे मधोमध फुगवटा, कोठे प्रेक्षकांकडे उतार. चाक अडले की पाचर मारा, पाचर सुटली की पुन्हा मारा. नाटकाच्या जाहिरातीत लेखक-दिग्दर्शकांची नावे ठळक छापली जातात, पाचर मारणाऱ्याचे नाव कोणी छापीत नाही. पण रात्री नऊच्या प्रयोगासाठी दुपारी तीनपासून मंचाखाली पालथा पडलेला तोच असतो.

ही कल्पना आपण पश्चिमेकडून घेतली असे समजले जाते, आणि पश्चिमेने ती १८९६ साली म्युनिकच्या रेसिडेन्झ नाट्यगृहात कार्ल लाउटेनश्लेगर याने विजेवर फिरणारा मंच उभारला तेव्हापासून आपलीशी केली हे खरे; पण जपानच्या काबुकी रंगभूमीवर नामिकी शोझो या नाटककाराने १७५८ सालीच ओसाका शहरी फिरता मंच चालविला होता. शिकोकू बेटावरील कोतोहिरा येथे १८३५ साली बांधलेले कानामारुझा हे नाट्यगृह आजही उभे असून तेथील चक्र अद्यापि मंचाखालच्या तळघरात शिरून माणसेच फिरवितात. रांगणेकरांचे गडी आणि कोतोहिराचे गडी यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण खांदा कोठे लावायचा याविषयी त्यांचे एकमत झाले असते.

येथवर हलला तो मंच. प्रेक्षकांनाच हलविण्याचे धाडस त्याहून पुरातन आहे. इसवी सनापूर्वी ५२ च्या सुमारास रोममध्ये क्युरिओ नावाच्या महत्त्वाकांक्षी पुढाऱ्याने बापाच्या श्राद्धानिमित्त लाकडाची दोन प्रचंड अर्धवर्तुळाकार नाट्यगृहे आसांवर तोलून उभारली. सकाळी ती पाठीला पाठ लावून असत व दोहोंत निरनिराळी नाटके चालत, आणि दुपारी ती फिरवून समोरासमोर आणली की मध्ये मल्लांच्या झुंजीसाठी गोल आखाडा तयार होई. ही हकीकत सांगणारा रोमन लेखक प्लिनी प्रेक्षकांवर भलताच संतापला आहे. कारण फिरविताना लोक आसनांवरून उठतसुद्धा नव्हते, आणि जगज्जेते म्हणविणारे हे राष्ट्र दोन खुंट्यांवर लोंबकळत टाळ्या पिटीत होते. क्युरिओने मतदारांना खुश करण्यासाठी कर्ज काढून हा सगळा खटाटोप केला होता, हेही सांगितले पाहिजे. आपल्या वाचकांना त्यात नवल वाटू नये.

विसाव्या शतकात ही कल्पना पुन्हा डोके वर काढते. चेक देशातील चेस्की क्रुमलोव्ह येथे राजवाड्याच्या बागेत १९५८ साली एक छोटी फिरती बैठक झाली. लगेच पुढील वर्षी फिनलंडमधील टाम्पेरे शहरी प्युनिक्की येथे सरोवराकाठी ८०० हून अधिक प्रेक्षकांची बैठक चक्रावर बसविण्यात आली. तेथे देखावे बदलावे लागत नाहीत. झाडी, पाणी, घर हे सारे आपापल्या जागी असते आणि प्रेक्षकच तोंड वळवितात. हॉलंडमध्ये २०१० साली एका जुन्या विमानतळाच्या कोठारात सुमारे ११०० आसनांची अशीच रंगशाळा निघाली. हे सारे वाचावयास मोठे मनोहर आहे. तथापि, ज्या यंत्राला एकाच नाटकासाठी वर्षानुवर्षे एकाच जागी फिरत राहावे लागते तेथे तेवढे प्रेक्षक रोज येत राहिले पाहिजेत, ही अट आमच्या तालुक्याला पेलण्याजोगी नाही.

आमच्याकडे बैठक फिरत नाही, ती येते आणि जाते. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस काढली. सर्कशीच्या रिंगणाचा ४२ फूट व्यास हा जगभरचा दंडक, कारण धावत्या घोड्याच्या पाठीवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा तोल त्या वळणावर उत्तम सांभाळला जातो. या रिंगणाभोवती जी ‘गॅलरी’ उभी राहते तिच्यात खिळ्याचे काम जवळजवळ नसतेच: तिकाटण्यांवर तिरपे वासे, वाशांना खाचा, खाचांत फळ्या, आणि वरून दोर. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तर बैठकीसाठी लाकूडही लागत नाही; धान निघाल्यावर शेतातील जमीन उतरती खणतात, लोक त्या उतारावर बसकण मारतात, आणि रात्रभर नाटक चालते. खुद्द आमच्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा येथे बालाजीच्या अश्विनातील यात्रेत सागाच्या २१ अजस्र लाटा, प्रत्येकी सुमारे ३० फूट लांबीच्या, शेकडो हात लावून उभ्या करतात, दोरखंडांनी बांधून त्यांचा मंडप करतात, आणि उत्सव आटोपला की उतरवून ठेवतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तात्पुरत्या बांधकामाचा धडा द्यावयाचा असेल तर त्यांना पुण्याहून बोलावून हा सोहळा जरूर दाखवावा.

शहरांतील आधुनिक युक्ती वेगळी. जमीन सपाट ठेवायची आणि पायऱ्यांची बैठक पेटीच्या खणांसारखी एकात एक सरकवून भिंतीशी मिटवायची, असा तिचा मतलब. प्रत्येक रांगेचा चौथरा स्वतंत्र पोलादी पायांवर असतो, पायांखाली चाके असतात, आणि सर्वांत खालची रांग ओढली की तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी अशा क्रमाने रांगा बाहेर पडतात. खुर्च्यांच्या पाठी चौथऱ्यावर आडव्या झोपतात. दहा रांगा उघडल्या तर साडेआठ मीटर जागा व्यापतात, मिटल्या की सव्वा मीटरच्या आसपास. मुंबईत २०२३ साली सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात २५० प्रेक्षकांच्या स्टुडिओ नाट्यगृहाला अशी बैठक आहे. नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाटक केंद्रातील सुमारे ३०० आसनांच्या प्रायोगिक नाट्यगृहातही बैठकीची मांडणी प्रयोगानुसार बदलता येते. अर्थात पैशावाचून हे होत नाही असे कोणी समजू नये: दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने जी प्रायोगिक चळवळ चालविली, तिच्यात खुर्च्या उचलून प्रेक्षकांना आज समोर, उद्या दोन्ही बाजूंस, परवा चारी बाजूंस बसविणे हे कार्यकर्त्यांच्या मनगटावर होत असे.

आता मूळ मुद्दा. तालुक्याच्या गावी सांस्कृतिक सभागृह बांधण्याची तजवीज निघाली की नकाशात उतरती फरशी आणि जमिनीत बोल्टांनी आवळलेल्या खुर्च्या आल्याच म्हणून समजावे, कारण शहरातील नाट्यगृह तसे असते. पण वर्षाकाठी नाटके येणार किती? उरलेल्या दिवसांत तेथे लग्न लागू शकत नाही, कृषिप्रदर्शन भरू शकत नाही, सप्ताहाची पंगत बसू शकत नाही, कुस्तीची मॅट अंथरता येत नाही. मग कुलूप लागते, वटवाघुळे येतात, आणि दहा वर्षांनी ‘लोकांना नाटकाची आवड राहिली नाही’ असा अहवाल लिहिला जातो. माझ्या मते अशा ठिकाणी उतरती फरशी हा गुन्हा मानावा. जमीन सपाट असावी, बैठक सरकती असावी, आणि ती विदेशी मोटारीवर चालणारी नसून हाताने ओढता येणारी असावी. गणेशोत्सवात जुन्या मोटारी आणि सायकलच्या साखळ्या जोडून हलते देखावे उभारणारे वेल्डर व सुतार गावोगाव आहेत. त्यांना अशा चौथऱ्याचे चाक बदलणे अवघड जाणार नाही.

मात्र एका बाबतीत त्यांच्यावर सर्वस्वी विसंबता येणार नाही, आणि ती म्हणजे वजन. भारतीय मानक ८७५ या संहितेत पक्क्या आसनांच्या सभास्थानी दर चौरस मीटरला ४ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ४०० किलो, भार धरावा असे सांगितले असून जेथे आसने पक्की नसतात तेथे हा आकडा ५०० किलोपर्यंत नेला आहे. कारण मोकळ्या जागी माणसे दाटीने उभी राहतात आणि गाण्याच्या ठेक्यावर एकदम उड्या मारतात. इसवी सन २७ मध्ये रोमजवळ फिडेनी येथे एका कंत्राटदाराने पायाची पर्वा न करता लाकडी प्रेक्षागार उभारले, ते भर खेळात कोसळले, आणि हजारो माणसे दगावली किंवा जायबंदी झाली. रोमन सिनेटने त्यानंतर जमिनीची तपासणी केल्याखेरीज अशी बांधकामे करू नयेत असा निर्बंध घातला.

ही तपासणी आमच्या पूर्णाकाठच्या मुलखात विशेष अगत्याची आहे, कारण येथील काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि अवकाळी पावसाची एक सर येताच फुगते. दोन-दोन मीटरवर खांब असलेली बैठक घेतली तर एका खांबावर चार चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे २ टन भार येतो. खांबाखालची लोखंडी पट्टी वीतभरही नसेल, उदाहरणार्थ १५ सेंटीमीटर चौरस, तर दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ ९ किलो दाब पडतो, आणि ओल्या काळ्या मातीची कुवत १ किलोच्या आतच धरावी लागते. तोच खांब २ मीटर लांब व पाव मीटर रुंद लाकडी पाटावर उभा केला की दाब अर्ध्या किलोच्या खाली येतो. मांडववाला हे गणित न करताही पाट घालतो. पण पाट कमी पडले, घाई झाली किंवा ठेकेदाराने डोळेझाक केली की एकाच कोपऱ्यातला खांब रुततो आणि वरचे शंभर लोक एका बाजूला झुकतात. यास्तव जत्रेच्या मैदानात एक ठराविक चौकोन कायमचा मुरूम दाबून पक्का करून ठेवणे, त्याच्या कडेने पाणी वाहून जाण्यास चर काढणे आणि खांबांसाठी आधीच आखून दिलेल्या जागा चुन्याने नव्हे तर दगडाने दाखविणे, एवढे ग्रामपंचायतीने केले तरी येणाऱ्या प्रत्येक फडाचा अर्धा दिवस वाचेल.

सभागृहच बांधावयाचे झाले तर आणखी एक गोष्ट नकाशावर सही करणाऱ्याने पाहावी. मालमोटारीचा हौदा जमिनीपासून सुमारे चार फूट उंच असतो, आणि मंचही साधारण तेवढाच उंच बांधतात. मंचाच्या मागील भिंतीला दहा फूट रुंदीचे दार ठेवून मोटार उलटी लावण्याइतके अंगण सोडले, तर तबकडीचे तुकडे, भिंती आणि पेट्या एकही पायरी न चढता आत सरकविता येतात. आजवर पाहिलेल्या बहुतेक सभागृहांत त्या जागी स्वच्छतागृह बांधलेले असते.